जीपमागे ग्लायडर बांधणाऱ्या पोरांना, एका मामाचं खुलं पत्र

मंडळी,

नाव कुणाचं घेत नाही, गावाचंही नाही, ज्यांना कळायचं त्यांना दोन ओळींत कळेल. तुमच्यातल्या एकाचा मी सख्खा मामा, बाकीच्यांनी काका म्हणा, दादा म्हणा, नाहीतर हे वाचून झाल्यावर जे तोंडात येईल ते म्हणा. हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलंय, चांगली वीस मिनिटं, पण त्याचं म्हणणं असं की मामा तुम्ही अमेरिकेत राहून घाबरट झालात. म्हणून आता सगळ्यांसमोर. आणि माळरानावर गाडीला दोर बांधून उडायचा बेत करणारे तुम्ही एकटेच नाही हेही मला आता कळलंय, तेव्हा त्यांनीही वाचावं.

परवा व्हिडिओ आला, ५२ सेकंदांचा. खाली लिहिलेलं, मामा बघा की कसलं भारी, रिलीज थोडं हट्टी आहे पण बाकी एक नंबर. रिलीज म्हणजे उडताना दोर सोडायची खिट्टी. माळ, मागे बाभळी, लांबवर एक पवनचक्की, पांढरी जीप, पिवळा दोर. चारपाच पावलं पळून ग्लायडर उचललं, सातआठ मीटर वर गेलं असेल, आणि खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा बघताना माझ्याही पोटात गुदगुल्या झाल्या, आपल्या माळावर आपलं पोरगं उडतंय. मग दुसऱ्यांदा बघितला. मग आवाज वाढवून. मग स्पीड कमी करून. एकतिसाव्या सेकंदाला उडणाऱ्याचा उजवा हात बारवरून सुटतो आणि छातीसमोरची लिव्हर दाबतो. काही होत नाही. परत दाबतो, आता बोटांनी नाही, सगळ्या मुठीने. तरी काही नाही. एवढ्या वेळात बारवर एकच हात राहिलाय म्हणून ग्लायडर डावीकडे कलायला लागलंय, खाली कुणीतरी सोड सोड सोड ओरडतंय, जीपवाला गोंधळून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो, दोराला झोल पडतो, आणि छत्तिसाव्या सेकंदाला रिलीज टप्पकन उघडतं. मग हशा, शिट्ट्या, कुणीतरी कॅमेरा हलवतो आणि संपलं.

तुम्ही त्याला हट्टी म्हणताय. दोर सैल पडल्यावर उघडणारं रिलीज म्हणजे पाऊस थांबल्यावर उघडणारी छत्री झाली. त्या पाच सेकंदांत जीपवाला गोंधळला नसता, ठाम राहिला असता तर आज हे पत्र मी वेगळ्या कारणाने लिहीत असतो.

आधी एक स्पष्ट करतो. मी हे बंद करा म्हणायला आलेलो नाही. मी स्वतः कामशेतच्या डोंगरावर पॅराग्लायडिंग शिकलो, मग नोकरीने फ्लोरिडात नेऊन टाकलं, आणि फ्लोरिडा म्हणजे काय तर परातीसारखं सपाट, अख्ख्या राज्यातली सगळ्यात उंच जागा १०५ मीटर, आपल्याकडे तेवढ्या टेकडीला कुणी नावसुद्धा ठेवत नाही. तिथे उडायचं तर दोरच. तुमच्याकडेही घाट नाही, कडा नाही, मग दोर आठवणारच. आणि दोरामागे उडणं हा काही जुगाड नाही, आजच्या हँग ग्लायडरचा जन्मच दोराला बांधून झालाय. १९६३ साली ऑस्ट्रेलियात ग्राफ्टन गावी जॉन डिकेन्सनने वॉटर स्की क्लबसाठी एक पंख बनवला, क्लॅरेन्स नदीवर मोटरबोटीमागे ओढून उडवला, खाली लटकलेला माणूस आणि समोर धरायला त्रिकोणी बार, म्हणजे तुम्ही त्या दिवशी हातात धरला होता तोच. जागतिक हवाई क्रीडा महासंघाने त्याला सुवर्णपदक दिलं ते २०१२ मध्ये, जवळपास पन्नास वर्षांनी. त्या पंखाने डोंगरावरून पळत उडी मारणं वगैरे नंतर आलं. तेव्हा दोराशी माझं भांडण नाही. माझं भांडण त्या खिट्टीशी आहे.

तुमचं रिलीज मी व्हिडिओ थांबवून झूम करून बघितलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या फाळक्याला असते तसली सरळ पिन, तिच्यात दोराची रिंग, आणि पिन आडवी खेचायला बुलेटची क्लच केबल आणि लिव्हर. घरचं काम म्हणून सुबक आहे, वेल्डिंग कुणी केलंय त्याला शाबासकी. पण मला एक सांगा, ट्रॉली उसाने गच्च भरलेली असताना फाळक्याची खिट्टी कधी हाताने काढून बघितलीय का? हातोडा लागतो. रिकामी ट्रॉली असली की तीच खिट्टी दोन बोटांनी निघते. तुमच्या रिलीजमध्ये दोराची सगळी ओढ थेट पिनेवर येते, पिन भोकात दाबून बसते, आणि ओढ जितकी वाढेल तितकं घर्षण वाढतं. म्हणजे जेवढी गरज जास्त तेवढं ते घट्ट. शेडमध्ये तुम्ही हाताने दोर ओढून टेस्ट केली असणार, कितीशी ओढ लावली असेल, दहा किलो? पंधरा? तेवढ्याला उघडणारच की.

नीट केलेल्या रिलीजमध्ये युक्ती एवढीच असते की ओढ टप्प्याटप्प्याने कमी करत आणायची. बॅरल रिलीज घ्या, एक लांबट पिन, तिच्या बुडाशी दोर अडकतो, आणि पिनेचं दुसरं लांब टोक एका छोट्या नळीत धरलेलं असतं. दोराने शंभर किलोंनी ओढलं तरी लांब दांड्यामुळे नळीवर त्याचा छोटासा हिस्साच येतो, नळी मागे सरकवली की पिन फिरते आणि दोर मोकळा. तीही सरळ पिनेची घ्यायची. वाकड्या पिनेची मिळते, तिच्यात जाड दोर सहज बसतो म्हणून लोकांना आवडते, पण तिच्यात नळीवर दाब जास्त येतो आणि जोराच्या ओढीला ती जॅम होते, यावर तिकडे लोक वर्षानुवर्षं हमरीतुमरीवर येऊन भांडलेत. स्कायडायव्हिंगवाल्यांची तीन रिंगांची पद्धत असते, तीही याच तत्त्वावर चालते, एकातून एक रिंग जाते आणि शेवटी नुसता एक धाग्याचा फास सगळं धरून ठेवतो. तुमच्या खिट्टीत मधला टप्पाच नाही, दोर आणि पिन, संपला विषय.

अमेरिकेतल्या हँग ग्लायडिंग संघटनेचा विमानामागे टो करण्याबद्दल, म्हणजे दोराने ओढत नेण्याबद्दल, नियम आहे, मला तो पाठ आहे कारण पाठ करायला लावला होता. रिलीज पायलटच्या हाताशी पाहिजे, आणि ते शून्य ओढीपासून वीक लिंकच्या, म्हणजे ओढ फार झाली की तुटावा म्हणून दोरात मुद्दाम ठेवलेल्या कच्च्या दुव्याच्या, ताकदीच्या दुप्पट ओढीपर्यंत उघडलं पाहिजे. दुप्पट. आणि शून्यालाही, कारण काही रिलीज उलट सैल दोरावर अडकून बसतात. आता तुमचा हिशोब करू. पोरगं ७५ किलो, ग्लायडर ३२च्या आसपास, हार्नेस हेल्मेट पॅराशूट मिळून १२ धरा, झाले १२० किलो. वीक लिंक साधारण तेवढ्याच वजनाला तुटेल अशी धरली तर रिलीज २४० किलोंना उघडायला हवं. सिमेंटच्या पाच गोण्या. तुम्ही एक गोणी तरी लावून बघितली होती का?

इथे भाचा म्हणतो, मामा, काळजी करू नका, सुतळी आहे ना, रिलीज नाही उघडलं तर सुतळी तुटेल. या वाक्यावर मला थोडं लांब लिहायचंय, कारण हेच वाक्य मी स्वतः मनात धरून उडायचो.

माझे तेव्हा चाळीसेक टो झाले होते, म्हणजे आपल्याला सगळं येतं असं वाटायचा काळ. एप्रिलातली दुपार, ऊन चढलेलं, थर्मल, म्हणजे तापलेल्या हवेचे झोत, ठिकठिकाणी उसळत होते. पुढे ड्रॅगनफ्लाय, म्हणजे ग्लायडर ओढायलाच बनवलेलं छोटं हळू उडणारं विमान, मध्ये साठसत्तर मीटर दोर, मागे मी. साठेक मीटर उंचीवर माझा उजवा पंख कुणीतरी खालून ढकलावा तसा वर गेला आणि ग्लायडर डावीकडे वळायला लागलं. मी सगळं अंग उजवीकडे टाकलं. वळणं थांबेना. पुढचं विमान आता समोर नव्हतं, उजवीकडे तिरकं दिसत होतं, आणि दोर मला त्याच्याकडे ओढायच्या ऐवजी जास्तच कलवत होता. याला लॉकआउट म्हणतात. ग्लायडर दोराच्या रेषेपासून एका हद्दीपलीकडे कललं की दोराची ओढच त्याला आणखी कलवत नेते, आणि आपल्याकडे सुधारायला काय असतं तर फक्त आपलं अंग इकडून तिकडे सरकवणं, ते पुरत नाही. पतंग गोता खातो बघा, मांजा जेवढा ओढाल तेवढा जोरात खाली येतो, तसंच, फक्त मांज्याला तुम्ही स्वतः लटकलेले. दोनतीन सेकंदांचा खेळ असतो.

रिलीज करायचा क्षण पहिल्या सेकंदालाच होता, समोरचं विमान मधून सरकलं तेव्हा. माझं रिलीज चांगलं होतं, तपासलेलं होतं, हात तिथे नेला असता तर उघडलं असतं. मी हात नेला नाही. का, तर तो टो वाया गेला असता, त्याचे पैसे, परत रांगेत अर्धा तास उन्हात, आणि सगळे बघत होते. हे लिहायला लाज वाटते पण खरं तेच आहे. आणि डोक्यात मागे कुठेतरी तुमचं ते वाक्य होतं, फारच झालं तर वीक लिंक तुटेल.

मग एकदम दोर सैल झाला, ग्लायडर खाली झुकलं, शेताच्या हिरव्या पट्ट्या सरकन समोर आल्या, कसंबसं सरळ करून मी गवतात पोटावर घसरत उतरलो. गुडघे सोलले, बाकी काही नाही. मला वाटलं वाचलो, वीक लिंक तुटली. मग बघतो तर अख्खा दोर माझ्याच छातीला लोंबतोय. पुढच्या पायलटने त्याच्या बाजूने दोर सोडला होता. तो विमान उतरवून चालत आला, काही बोलला नाही, माझ्या ब्रायडलवरची, म्हणजे खांद्यांपासून निघणाऱ्या छोट्या दोरावरची, हिरव्या दोऱ्याची लूप, तीच माझी वीक लिंक, दोन बोटांत धरून मला दाखवली. अख्खी. एक धागासुद्धा उसवलेला नव्हता. ती लूप मी अजून ठेवलीय, हेल्मेटच्या पिशवीत.

तर भाच्या, वीक लिंकला तू संकटात आहेस हे कळत नाही रे, तिला फक्त किलो कळतात. लॉकआउटमध्ये ग्लायडर जवळजवळ उभं होईपर्यंत ओढ तिच्या हद्दीच्या आतच राहू शकते, आणि ती तुटेपर्यंत जमीन आलेली असते. ती आहे ग्लायडरचा सांगाडा आणि दोर यांच्यावर भलताच ताण येऊ नये म्हणून, माणसाने वेळेत सोडायचं राहिलं तर त्याची भरपाई म्हणून नाही.

आणि तुमची सुतळी तर वीक लिंकही नाही. तीन पदरी ताग, दवाने ओली असली तर एक ताकद, दुपारी वाळली की दुसरी, गाठ कुणी मारली त्यावर तिसरी. किती किलोंना तुटते? कुणी मोजलंय? तिकडे बरीच वर्षं जे वापरतात तो समुद्रात मोठे मासे धरायचा विणलेला दोरा असतो, १३० पाउंडांचा, म्हणजे साधारण ५९ किलो. एवढाच कसा पुरतो, तर दोर थेट छातीला नसतो, दोन खांद्यांपासून निघालेला एक ब्रायडल रिंगमधून जातो आणि त्याच्या प्रत्येक बाजूवर निम्मीच ओढ येते, म्हणून एका बाजूला ५९ किलोंची लूप लावली तर मुख्य दोरावर जवळपास ११८ झाल्यावर ती तुटते. तुम्ही कुठूनतरी वाचून ५९ किलोंचा दोरा आणलात आणि छातीसमोर एकाच जागी लावलात तर तो उचलताउचलताच तुटेल, आणि मग हा दोरा बेकार म्हणून कुणीतरी तिहेरी करेल, हे मला इथून दिसतंय.

तुटण्याचं पण एक आहे. व्हिडिओत सुरुवातीला ग्लायडर पाय उचलताच नाक वर करून सरळ चढतं, बघायला झकास. त्या क्षणी दोर तुटला किंवा सुटला तर पुढे ओढणारं कुणी नाही, नाक आभाळात, वेग संपला, म्हणजे स्टॉल, आणि पाच मीटरवरून नाकावर. पहिले पंधरावीस मीटर नाक दाबून, पसरट चढायचं, बार ओढलेला ठेवायचा, आत्ता तुटेल असं समजूनच. एवढ्या उंचीवर पॅराशूट उघडायला वेळच नसतो, ते फक्त ओझं.

एका गोष्टीचं कौतुक मात्र करतो, दोर तुम्ही माणसाला बांधलात, ग्लायडरच्या बारला नाही. सुरुवातीला जगभर लोक बारला, सांगाड्यालाच बांधायचे, आणि त्यात पुष्कळ माणसं गेली. टेक्सासातल्या डॉनेल ह्यूएट नावाच्या फिजिक्सच्या प्राध्यापकाने १९८०च्या दशकात हे नीट मांडलं की ओढ माणसाच्या अंगावर घ्या, म्हणजे ग्लायडर बाजूला भरकटलं की दोर माणसाला आपोआप योग्य बाजूला खेचतो, आणि वजन सरकवणं म्हणजेच तर सुकाणू. सगळं सुधारत नाही पण थोडी मुदत मिळते. त्या एकतिसाव्या ते छत्तिसाव्या सेकंदात तुम्हाला तीच मुदत मिळाली.

आता दोर. पिवळा प्लॅस्टिकचा, ट्रकवर ताडपत्री बांधायचा, बरोबर? त्याला उन्हाचा राग आहे, महिनाभर जीपच्या टपावर पडला की वरचे तंतू कुसळासारखे टोचायला लागतात, म्हणजे मेला. वर तो मुरमावरून घासत ओढताय. वर त्यात दोन गाठी दिसल्या मला, एक मधोमध, म्हणजे एकदा तुटलाय आणि जोडलाय, हे भाच्याने सांगितलं नव्हतं. गाठीत दोराची ताकद तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्यानेही कमी होते, आणि मधली गाठ रिंगमध्ये अडकते ते वेगळंच. नायलॉन घेतलात तर तो रबरासारखा ताणतो आणि तुटला की चाबकासारखा परत येतो, जीपच्या मागच्या बाजूला माणूस बसलेला असतो हे लक्षात ठेवा. २०२१च्या नोव्हेंबरात आधी दीवला आणि मग आपल्या अलिबागजवळ वरसोलीला पॅरासेलिंगचा दोर तुटला, दोन्हींचे व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी बघितलेत, एकमेकांना पाठवलेत. ती माणसं डोक्यावर उघडी छत्री आणि खाली समुद्र होता म्हणून सुखरूप राहिली. तुमच्या खाली मुरूम आहे.

जीपवाल्याबद्दल. पोरगा चांगला आहे, गाडी छान चालवतो, पण त्याला समोर काय दिसतं? स्पीडोमीटर. आणि स्पीडोमीटरला दोर कळत नाही. ग्लायडर वर जाईल तसा वारा वाढतो, जीप त्याच वेगात राहिली तरी वर हवेचा वेग ३०चा ४० होतो, आणि हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळपास पावणेदोन पट. जीपवाल्याला खाली काहीच जाणवत नाही, डिझेलचं इंजिन आहे, त्याला शंभर किलो काय आणि दोनशे काय. तिकडे आता बहुतेक ठिकाणी गाडीवर विंच असते, म्हणजे दोर गुंडाळलेला ड्रम, ओढ ठरलेल्या हद्दीपुढे गेली की ड्रम फिरतो आणि दोर आपोआप सुटत जातो, म्हणून झटका येत नाही. ते महाग आहे, मान्य. पण कापूस मोजायचा हुकवाला इलेक्ट्रॉनिक काटा तर आपल्याकडे गल्लोगल्ली आहे, तो जीप आणि दोराच्या मध्ये अडकवा, मागे तोंड करून एक जण बसवा, त्याने आकडा मोठ्याने वाचत राहायचं आणि ग्लायडरवरून नजर काढायची नाही. ड्रायव्हरने आरशात बघून चालवायचं हे बंद. आणि त्या मागच्या माणसाच्या हातात दोर सोडायची सोय पाहिजे, जीपच्या बाजूलाही रिलीज पाहिजे, ते होईपर्यंत निदान लाकडी ठोकळ्यावर दोर आणि हातात धारवाला कोयता. माझ्या पुढच्या पायलटकडे ही सोय होती म्हणून मी हे टाइप करतोय.

कोयत्यावरून आठवलं, भाच्याने असंही सांगितलं की उडणाऱ्याकडे चाकू असतोच. अरे त्या पाच सेकंदांत तुमच्या पोराला एक हात बारवरून काढायला महाग पडला, तो चाकू कुठल्या हाताने काढणार, म्यान कुठल्या हाताने धरणार आणि छातीवरचा दोर कापताना हार्नेसचा पट्टा कापला तर? चाकू झाडात अडकल्यावर, पाण्यात पडल्यावर कामाचा. टोमध्ये तो मनाचं समाधान आहे.

आणि तो शब्द, सोड. मी आवाज वाढवून ऐकलं, तिघंजण ओरडतायत. एकाला म्हणायचंय दोर सोड, उडणाऱ्याला. एकाला म्हणायचंय ॲक्सिलरेटर सोड. आणि तिसऱ्याचं मला वाटतं तो म्हणतोय सोड रे आता, जाऊ दे, म्हणजे पुढे जाऊ दे! जीपवाल्याने दुसरं ऐकलं हे तुमचं नशीब, त्याने क्लच सोड असं ऐकलं असतं तर? आपल्या भाषेत सोड म्हणजे थांबवणं पण आणि चालू करणं पण. म्हणून आधीच ठरवा, निघायला एक शब्द, थांबवायला वेगळाच, दोन्हींचा आवाज एकमेकांशी जुळता कामा नये, आणि तो बोलायचा हक्क एकालाच. तिकडे गो गो गो म्हणतात, तुम्ही हवं तर विठ्ठल म्हणा, पण थांबवायला विठ्ठल नको. वॉकीटॉकी बंद पडली तर काय, तेही ठरवा, उडणाऱ्याने दोन्ही पाय फाकवून हलवले की ओढ बंद, प्रश्न न विचारता.

परवानगीचं मी लांबण लावत नाही. २०२२च्या राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरणात हँग ग्लायडिंग नावानिशी आहे, ते वाचा, आणि आपला माळ म्हणजे रिकामं आकाश असं समजू नका, बारामतीसारख्या ठिकाणी शिकाऊ पायलट दिवसभर विमानं घेऊन फिरत असतात. पण प्रामाणिकपणे, कागद हातात आला म्हणून तुमची खिट्टी उघडणार नाही, त्यामुळे आधी खिट्टी.

करा असं. गॅरेजमधला चेन ब्लॉक आंब्याच्या जाड फांदीला लावा. त्याला काटा, काट्याला रिलीज, रिलीजला पाच गोण्या बांधलेली पाटी. जमिनीपासून वीतभर उचला, खाली कुणाचा पाय नको. मग उडणाऱ्यानेच, हार्नेस आणि हातमोजे घालून, एका हाताने लिव्हर दाबायची. वीस वेळा. वीसच्या वीस वेळा सहज उघडलं पाहिजे, एकोणीस चालणार नाही. मग हेच तिरकं ओढून, कारण लॉकआउटमध्ये ओढ समोरून येत नाही, बाजूने येते, आणि सरळ ओढीला चालणारी बरीच रिलीज तिरप्या ओढीला रुसतात. मग सैल दोरावर. तुमची खिट्टी दोन गोण्यांतच हार मानेल असा माझा अंदाज आहे, पण माझ्या अंदाजावर जाऊ नका, करून बघा आणि त्याचा व्हिडिओ पाठवा, तो मी जास्त आवडीने बघेन.

तोवर दोर नको. ग्लायडर घेऊन माळावर नुसतं पळा, वाऱ्यावर पंख सरळ ठेवायला शिका, पाझर तलावाच्या बांधावरून दहावीस पावलांच्या उड्या मारा, दर वेळी हार्नेसचा हुक ग्लायडरला लावलाय का ते दुसऱ्याने लटकवून तपासायचं, कंटाळा आला तरी. महिनाभर एवढं केलंत तर टोवर हात आपोआप शांत राहतील.

मी २० डिसेंबरला येतोय. बॅगेत सरळ पिनेची चार बॅरल रिलीज आणि हिरव्या दोऱ्याचं एक रीळ आहे, दोर आणत नाही, वजन होतं, तो आपण सगळे मिळून बघून घेऊ. भाच्या, हार्नेसच्या खांद्याच्या लूपची रुंदी टेपने मोजून कळव, अंदाजपंचे नको. आणि गोण्या जानेवारीपर्यंत आणून ठेवायच्या असल्या तर शेडमध्ये फळीवर ठेवा, बाहेर दवात टाकल्यात तर दगड होतील आणि तुझ्या बापाला परत नव्या घ्यायला लागतील.

तुमचा,
घाबरट मामा